वर्गात हातवाद्यांवर ठेका बसवायचा, तर आधी रिकाम्या मात्रा सांभाळा

शाळेत हातवाद्यांचा तास घ्यायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: मुलांच्या हातात वाद्यं द्या आणि त्यांना मोकळं सोडा, लय त्यांच्या रक्तातच असते. हा सल्ला ऐकू नका. पाच मिनिटांत नुसता गोंगाट होतो, दोन-चार दांडगी मुलं सगळ्यांना झाकून टाकतात आणि जी मुलं कान देऊन ऐकतात तीच मागे सरकतात. वाद्य सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी तोंड आणि पाय.

पाचवी ते आठवीच्या तीस-पस्तीस मुलांना एक ठेका एकत्र, न पळवता वाजवता यावा, एवढंच उद्दिष्ट ठेवा. सुरुवातीला मी नेहमी इजिप्तचा मकसूम घेते. तो तिथे दरबुक्यावर, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या हातढोलावर वाजतो, लोकगीतांत आणि नाचात सतत ऐकू येतो. त्याला आपल्या केहरव्यासारख्याच आठ मात्रा आहेत आणि बोल दोनच, दुम आणि तक.

वाद्यं असतील ती घ्या: जेंबे (पश्चिम आफ्रिकेचा उभा हातढोल), डफ, दिमडी, घुमट (गोव्याचं मातीच्या घटाचं वाद्य), दरबुका. कमी पडली तर पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार उलटे धरा, चांगले वाजतात. एकच गोष्ट निक्षून सांगते. कुणाच्या घरी घोरपडीच्या कातड्याची जुनी दिमडी किंवा घुमट असेल, तर ते शाळेत आणायला सांगू नका आणि असलं वाद्य विकतही घेऊ नका. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आता बकऱ्याच्या कातड्याचे घुमट मिळतात, तेच घ्या. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, तेव्हा कृत्रिम पडद्याची वाद्यं बरी.

बैठक आणि हात पाच मिनिटांत उरकतं. अंगठ्या, घड्याळं, कडी काढायची. जेंबे गुडघ्यांत धरून थोडा पुढे कलता ठेवायचा. जमिनीवर सपाट टेकला की खालचं तोंड बंद होतं आणि दुम मरतो. घुमटाचं मागचं तोंडही असंच मोकळं हवं. मध्याकडे दुम, काठाजवळ तक. मारून हात लगेच उचलायचा. थापेचे बारकावे, जेंबेवरचा तिसरा खणखणीत बोल वगैरे, हे सगळं पुढे कधीतरी.

आता ठेका. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा:

दुम तक ऽ तक । दुम ऽ तक ऽ

ऽ म्हणजे रिकामी मात्रा. तिसरी, सहावी आणि आठवी. सगळा तास इथेच अडतो. मीही इथे बरेच दिवस अडले होते, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

मुलांना बोल पटकन पाठ होतात. चुकतात ते न वाजवण्याच्या जागी. सहावी मात्रा अर्धीच धरतात, आठवी तर गिळूनच टाकतात आणि सम, म्हणजे पुढच्या फेरीची पहिली मात्रा, लवकर येते. प्रत्येक आवर्तनात थोडी थोडी लय चढत जाते, मिनिटाभरात ठेका धावायला लागतो आणि मग कोसळतो. शिक्षक म्हणतात, "हळू वाजवा." मुलं आवाज कमी करतात, लय तशीच पळत राहते. मुलांचं लक्ष नसतं असं नाही. त्या रिकाम्या जागेत काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून सगळ्यांना उभं करा आणि जागच्या जागी चालायला लावा. पाऊल पडेल पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर, सेकंदाला साधारण एक. म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत. मोठ्यांना हे रटाळ वाटतं, पण मुलांसाठी हीच लय योग्य आहे. पावलं एकसारखी पडेपर्यंत बोल सुरूच करू नका.

आता पावलांवर बोल म्हणायला घ्या. जरा नीट बघा: तिसरी मात्रा रिकामी असली तरी तिच्यावर पाऊल पडतं, त्यामुळे ती निसटत नाही. सहाव्या आणि आठव्या मात्रेला ना पाऊल, ना आवाज. भोकं पडतात ती तिथेच. या दोन जागी मुलांना कुजबुजत "श" म्हणू द्या, आणि सवय लागावी म्हणून तिसऱ्यालाही:

दुम तक श तक । दुम श तक श

आठव्या "श"ला उजवा हात बाहेरच्या बाजूला उलगडायचा, गाण्याच्या तासाला तालाची "खाली" (टाळी न देण्याची जागा) दाखवतात तसा. हात बाहेर गेला की त्याला परत यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात आठवी मात्रा पूर्ण भरते. सम आपोआप जागेवर येते. ही युक्ती शास्त्रशुद्ध आहे का, असं कुणी विचारलं तर त्यांना वर्गात आणून बसवा.

मग "श" हळूहळू पुसायचा: आधी नुसता श्वास, नंतर फक्त हात, शेवटी काहीच नाही. घाई करू नका. माझ्या मते पहिला अख्खा तास वाद्याला हात न लावता यातच गेला तरी चालेल. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

पूर्वतयारी झाली की नाही याची एकच खरी परीक्षा आहे. दोन आवर्तनं मोठ्याने म्हणायची, पुढची दोन मनात, पावलं चालू ठेवून, आणि मग सगळ्यांनी एकदम समेवर "दुम" म्हणायचं. दुम एकच ऐकू आला तर वाद्यं वाटा. विखुरला तर पुन्हा "श"पासून. इथे दया दाखवलीत तर पुढचे सगळे तास भोगाल.

या टप्प्यावर मेट्रोनोम लावू नका आणि स्वतः "एक दोन तीन चार" मोजू नका. तुमचा आकडा किंवा यंत्राची टिकटिक ती रिकामी जागा भरून टाकते आणि मुलं स्वतः ती धरायला शिकतच नाहीत. तुम्ही मोठ्याने वाजवून त्यांना ओढत नेऊ नका, हेही तितकंच महत्त्वाचं. तुम्ही थांबलात की वर्ग कोसळेल.

बोल आधी तोंडात, हे माझं खूळ नाही. आपला तबला तसाच शिकवतात. जपानमध्ये तायको ढोल शिकणारे आधी "डोन", "का" असे बोल म्हणतात. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी हातवाद्याचे धडे "गुन दुन गो दो पा ता" या अक्षरांवर देत.

वाद्यं हातात आल्यावर पावलांच्या जागी टाच आपटत ठेवा आणि पहिली काही मिनिटं अगदी हलक्या हाताने वाजवा. जोर चढला की लय चढते. हलक्या हातावर टिकलेली लयच खरी.

थर असे रचा. पहिला गट जेंबेवर फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेचा दुम. हे काम वर्गातल्या सगळ्यात संथ, स्थिर मुलांना द्या. जेंबे मोठा दिसतो म्हणून ताकदवान मुलांना देतात, ते चुकीचं आहे. दुसरा गट पूर्ण मकसूम. चिपळ्या किंवा टाळ टाचेबरोबर, पण सगळ्यात शेवटी. आधी दिल्या तर बाकीचे त्यांच्यावरच रेलतात. मग गट बदला, प्रत्येकाला प्रत्येक जागा मिळायला हवी.

थांबण्यासाठी ओरडू नका. गिनी आणि मालीत मुख्य जेंबेवाला एक ठरलेली थाप वाजवून बदल आणि शेवट सुचवतो. आपल्याकडे तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, आहेच. समेपासून सुरू करा: तक तक दुम, तक तक दुम, तक तक दुम. तिनाचे तीन नऊ, म्हणजे शेवटचा दुम बरोबर पुढच्या समेवर. मुलांना हे गणित फार आवडतं.

ठेका कुठला ते मुलांना नावानिशी सांगा. "अरबी स्टाईल" म्हणून सोडून देऊ नका आणि गोळाबेरीज करून "आफ्रिकन" तर मुळीच म्हणू नका. जेंबे मांदिंका लोकांचा. तो जगभर गेला त्यात गिनीच्या फोदेबा केईता यांच्या १९५२ साली सुरू झालेल्या नृत्यपथकाचा मोठा वाटा आहे. घुमटाला गोवा सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. दिमडी खंडोबाच्या वाघ्या-मुरळीच्या हातातली. जवळपास कुणी वाघ्या किंवा हलगीवादक असेल तर त्यांना वर्गात बोलवा, मुलांसमोर खुर्ची द्या आणि ठरलेलं मानधन त्याच दिवशी हातात द्या. शाळा फुकट बोलावते तेव्हा मला फार राग येतो.

मकसूम पक्का झाला की दुसऱ्या मात्रेच्या तकच्या जागी दुम घाला:

दुम दुम ऽ तक । दुम ऽ तक ऽ

हा झाला बलादी. रिकाम्या मात्रा त्याच, त्यामुळे हा एका तासात बसतो. सहा मात्रांचा दादरा त्यानंतर, आधी नको.