‘अपोकॅलिप्स’ म्हणजे प्रलय नव्हे : वाचताना या चुका टाळा

दिव्य दर्शनांतून जगाच्या शेवटाचे रहस्य उलगडणाऱ्या यहुदी व ख्रिस्ती लेखनाला ‘अपोकॅलिप्स’ म्हणतात. त्याचे ‘प्रलय’ असे भाषांतर सर्रास केले जाते आणि पुढच्या बहुतेक गफलती तिथूनच सुरू होतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आच्छादन दूर करणे, झाकलेले उघड करणे असा आहे. नव्या करारातील शेवटच्या पुस्तकाला मराठी बायबलाने दिलेले ‘प्रकटीकरण’ हे नाव म्हणूनच नेमके आहे. शिवाय प्रलयानंतर सृष्टीचे चक्र पुन्हा फिरू लागते. इथे मात्र शेवट एकदाच येतो आणि त्यानंतर नवे आकाश व नवी पृथ्वी.

हा लेखनप्रकार ख्रिस्ती लेखकांनी सुरू केला असेही समजू नये. हनोख या बायबलमधील प्राचीन पुरुषाच्या नावावरील यहुदी ग्रंथाचे काही भाग इ.स.पू. तिसऱ्या शतकाइतके जुने असून त्यांचे अरामी तुकडे मृत समुद्राजवळील कुमरानच्या गुहांत सापडले आहेत. बायबलच्या जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकातील कथा बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात घडते. परंतु त्यातील दृष्टान्त, म्हणजे दिव्य दर्शने, इ.स.पू. १६७ ते १६४ च्या सुमारास, सीरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा याने यहुदी धर्माचरणावर बंदी घालून यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले त्या काळात लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्राचीन पुरुषाचे नाव घेऊन लिहिणे ही या लेखनाची रीतच होती, त्यामुळे त्याला आजच्या अर्थाने बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सर्वांत हट्टी चूक ६६६ या आकड्याची, म्हणजे प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापदाच्या आकड्याची. प्रत्येक पिढी तो आपल्या नावडत्या राज्यकर्त्यावर चिकटवते. वास्तविक हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते आणि ‘नेरोन केसर’ (रोमन सम्राट नीरो) या अक्षरांची बेरीज ६६६ होते; शेवटचा ‘न’ गाळला की ५० वजा होऊन ६१६ उरतात, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका हाच आकडा आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) सात ख्रिस्ती मंडळ्यांना उद्देशून प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या डोळ्यांसमोर रोम होते. सात डोंगरांवर बसलेली त्याची ‘बाबेल’ ही स्त्रीही तेच सांगते, कारण रोम सात टेकड्यांचे शहर म्हणून ओळखले जाई. या श्वापदाला सर्रास लावला जाणारा ‘ख्रिस्तविरोधी’ (अँटीख्राइस्ट) हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो नव्या करारातील योहानाच्या पत्रांतला आहे.

त्यामुळे प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय अडला, तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून दानीएलाचा सातवा अध्याय उघडावा. तिथे समुद्रातून सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचा प्राणी अशी चार श्वापदे एकामागून एक निघतात. योहानाने त्यांचे एकच श्वापद केले आहे.