गोबरगॅस बसवण्यापूर्वी घरातील स्त्री-पुरुषांची मते कशी जाणून घ्यावीत

गोबरगॅस किंवा निर्धूर चूल यांसारख्या पर्यावरणपूरक साधनांविषयी गावात पाहणी करताना बहुधा कुटुंबप्रमुखाचे मत हेच साऱ्या घराचे मत म्हणून लिहून घेतले जाते, आणि पाहणीचा पाया तिथेच कच्चा राहतो. म्हणून एकाच घरातील स्त्री आणि पुरुष यांच्याशी वेगवेगळे बोलावे. स्त्रीशी बोलायला शक्यतो कार्यकर्तीच असावी, आणि सासूसमोर सून मोकळेपणाने बोलेलच असे नाही, याचेही भान ठेवावे.

‘गोबरगॅस हवा का?’ या प्रश्नाला बहुतेक जण होकार देतात, त्यातून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी कामाची विचारपूस करावी. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण आणि जवळपास तितकेच पाणी लागते; ते शेण कोण गोळा करणार, पाणी कोण आणणार, दोन्ही कोण कालवणार आणि बाहेर पडणारी स्लरी (शेणाची पातळ रबडी, जी खत म्हणून वापरतात) शेतात कोण नेणार, हे दोघांनाही विचारून त्यांची उत्तरे शेजारी-शेजारी लिहावीत. पुरुष बहुधा अनुदान, बांधकामाचा खर्च आणि खत यांविषयी बोलतो, तर स्त्री धूर, सरपण आणि पाण्याच्या खेपा यांविषयी. यावरून स्त्रियांना निसर्गाची ओढ उपजतच अधिक असते, असा निष्कर्ष काढू नये. कष्ट कोणाच्या वाट्याला येतात आणि पैसा कोणाच्या हाती असतो, यानेच हा फरक बराचसा घडतो, असे माझे ठाम मत आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील बाई नको म्हणते, तेव्हा त्यामागे पाण्याचा हिशेब असतो, आणि तो तिच्याच शब्दांत नोंदवायला हवा.

देखभालीचा प्रश्न वगळू नये. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, परंतु काजळीने भरलेले धुराडे कोण साफ करणार आणि मोडलेली चूल कोण दुरुस्त करणार, हे न ठरल्याने अनेक घरांत त्या लवकरच बंद पडल्या. होकार घेण्यापूर्वी, जिथे संयंत्र चालू आहे अशा घरी स्त्रीला तिच्या स्वतःच्या तव्यावर भाकरी भाजून पाहू द्यावी.

त्यानंतरच दोघांना एकत्र बसवून कामाची वाटणी ठरवावी. ती ठरत नसेल, तर बांधकाम पुढे ढकलावे.