घटस्फोटाची नक्कल कशी काढायची, आणि अर्ज लिहितानाच तिचा विचार का करायचा

माझी निम्मीअधिक नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. खिडकीवर घटस्फोटाचा कागद मागायला येणारा माणूस नेहमी घाईत असतो. दुसरं लग्न ठरलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो, नाहीतर सासऱ्याच्या जमिनीचा वारस फेरफार तलाठ्याकडे थांबलेला असतो. त्याच्या पिशवीत आधार असतं, लग्नाचे फोटो असतात, कधी कधी लग्नाची पत्रिकाही असते. नसतो तो केस नंबर. आणि तो नसेल, तर पुढचं सगळं शोधाशोधीचं काम होऊन बसतं.

आधी एक समज दूर करते. घटस्फोटांचं वेगळं रजिस्टर ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा तहसीलमध्ये नसतं. लग्नाची नोंद ग्रामसेवक, पालिका किंवा विवाह निबंधक करतात आणि तिचं प्रमाणपत्र तिथून मिळतं. पण लग्न मोडल्याची नोंद महाराष्ट्रात त्या वहीत आपोआप चढत नाही. म्हणून 'विवाह नोंदणीत तर अजून लग्न दिसतंय' म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि 'नोंद कुठंच नाही, म्हणजे घटस्फोट झालाच नाही' असंही समजू नये. पुरावा एकच, कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे डिक्री. गोव्याचा कायदा निराळा, तिथे नागरी निबंधकाकडच्या विवाहनोंदीवरच कोर्टाच्या निकालाचा शेरा पडतो. आपल्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे कोर्टच गाठावं लागतं.

कोर्ट कुठलं आणि नंबर कुठला

मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालय असतं, पण त्याची हद्द ठरलेली असते. हद्दीबाहेरच्या तालुक्यांतले घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. 'जिल्ह्याच्या कोर्टात झालं' एवढ्यावर नक्कल निघत नाही, त्या आवारात डझनभर न्यायालयं असतात. प्रकरण जुनं असेल तर जिल्हा कधी फुटला तेही बघा. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून. त्याआधीच्या प्रकरणासाठी जुन्या जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्येही विचारणा करा.

नंबर शोधायला आता ई-कोर्ट्स सेवेचं संकेतस्थळ आणि मोबाईल अॅप आहे. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडायचं आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. नावाची निदान तीन अक्षरं आणि अर्ज दाखल झाल्याचं वर्ष द्यावं लागतं. वर्ष निकालाचं नव्हे, दाखल झाल्याचं. त्याखाली प्रलंबित की निकाली असा पर्याय असतो, तिथे 'निकाली' किंवा 'दोन्ही' निवडा. प्रकरण सापडलं की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसेल. महाराष्ट्रातला असेल तर तो एमएचने सुरू होतो. तो कागदावर उतरवून घ्या, नुसता फोनमध्ये ठेवू नका.

नाव सापडत नाही, ही नेहमीची तक्रार. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. माहेरची मंगल सासरी वैशाली होते, आणि अर्जात वकिलाने कुठलं नाव लिहिलं ते कुणालाच आठवत नसतं. म्हणून नवऱ्याच्या नावाने शोधा, ते तरी बदललेलं नसतं. तरी नाही सापडलं तर इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा. जाधव एका ठिकाणी व्हीने संपतो, विदर्भात ओने. चौधरीची तर किती रूपं आहेत, विचारू नका. सगळी जुनी प्रकरणं संगणकावर चढलेली नाहीत. तेव्हा ज्या वकिलांनी काम पाहिलं त्यांच्या डायरीत नंबर हमखास असतो. वकील वारले असतील तर त्यांच्या ज्युनिअरकडे विचारा. तेही जमलं नाही तर कोर्टात शोध अर्ज द्यायचा, साधारण वर्ष सांगायचं आणि जुन्या नोंदवह्या बघायला लावायच्या.

घटस्फोट दोघांच्या संमतीचा होता की भांडून झाला, हेही आठवून ठेवा. वरिष्ठ स्तर न्यायालयात 'हिंदू विवाह अर्ज क्रमांक' असतो, कौटुंबिक न्यायालयात पिटिशनला अक्षर असतं. मुंबईत संमतीचं प्रकरण 'एफ' खाली आणि एकतर्फी मागणीचं 'ए' खाली असतं. अक्षर चुकलं की त्याच नंबरची भलत्याच नवरा-बायकोची फाईल निघते.

नक्कल अर्जात केस नंबर, पक्षकारांची नावं, न्यायालय, निकालाची तारीख आणि कुठले कागद हवेत ते लिहायचं. इथे लोक 'ऑर्डरची कॉपी' एवढंच लिहितात. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणं असतात, हुकूमनाम्यात 'अमुक तारखेपासून विवाह विच्छेदित' हा आदेश. संमतीचा घटस्फोट असेल तर त्याला जोडलेल्या संमतीच्या अटीही मागा, पोटगी आणि मुलांचा ताबा त्यातच असतो. तिन्हींच्या सहीशिक्क्याच्या दोन-दोन नकला काढा. एक पासपोर्ट ऑफिसात अडकते, दुसरी घरात राहते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही मोफत मिळायची असते. निकालाच्या वेळीच ती मागून घेतली तर पुढचे हेलपाटे वाचतात. परदेशात दाखवायची असेल तर नुसती नक्कल चालत नाही, पुष्कळ देशांसाठी परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची खूण, लागतो.

पक्षकार नसलेल्याला मात्र नक्कल सहज मिळत नाही. कारण लिहून, शपथपत्र जोडून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि घराघरांतल्या भांडणाचे कागद न्यायाधीश चटकन देत नाहीत. ते योग्यच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकूनही मार्ग निघत नाही. नियमांनुसार नक्कल मिळण्याची सोय असेल तर तीच वापरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे. मग स्थळ घटस्फोटित असेल आणि खात्री करायची असेल तर? सरळ समोरच्याकडे सहीशिक्क्याचा हुकूमनामा मागा आणि त्यावरचा नंबर ई-कोर्ट्सवर ताडून बघा. निकालाची प्रत तिथे उघडेलच असं नाही, पण प्रकरण निकाली निघालं की नाही आणि कोणत्या तारखेला, एवढं कळतं. मागितल्यावर ज्याला राग येतो, त्या स्थळाबद्दल मी घरच्यांना थांबायला सांगेन.

एकदा खिडकीवर एक आजी आल्या. "बाई, लेकीची फारकत झालीय, तेवढा सरकारी कागद द्या." कोर्ट कुठलं विचारलं तर म्हणाल्या, "पंचांनी केली, नोटरीपण केलीय." आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला शंभराचा स्टॅम्प काढला. दोघांच्या सह्या, अंगठे, गावातल्या पाचजणांच्या साक्षी. मुलीचं दुसरं लग्न होऊन गेलं होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी आपल्या जातीत पूर्वापार चालत आली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर विसंबणाऱ्याची. नुसती नोटरी म्हणजे घटस्फोट नव्हे. काडीमोड झाला असं घर मानत असेल, पण पेन्शनच्या कार्यालयाला कोर्टाचा निकाल लागतो.

अर्ज करणार असाल तर

खिडकीमागून एवढं पाहिल्यावर अर्ज करणाऱ्यांना मी हेच सांगते की दहा वर्षांनी ही नक्कल कोण, कशासाठी मागेल, ते आज डोळ्यांपुढे आणून अर्ज लिहा. लिहायचं वकिलांनी, तपासायचं तुम्ही. बायकोची माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही पूर्ण नावं, आधार आणि पासपोर्टवर आहेत तशी, शीर्षकातच येऊ द्या. लग्नाची तारीख पत्रिकेशी आणि नोंदणी प्रमाणपत्राशी जुळली पाहिजे. मुलांची नावं आणि जन्मतारखा जन्मदाखल्याप्रमाणे.

लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय साधारणपणे अर्ज करता येत नाही, अपवाद विलक्षण हालअपेष्टांचा. अर्ज कुठे करायचा, तर जिथे लग्न लागलं, जिथे शेवटचं एकत्र राहिलात किंवा जिथे समोरचा राहतो तिथे. २००३ पासून बायको स्वतः जिथे राहते तिथेही अर्ज करू शकते. माहेरी परतलेल्या मुलीला नवऱ्याच्या गावी तारखांना जावं लागत नाही, ही मोठी सवलत आहे आणि अजून कितीतरी जणींना ठाऊक नाही.

दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि मग सहा महिन्यांनंतर, अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायाधीशांपुढे जायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, ताबा यांचा निकाल आपसांत लागलेला असावा. मधल्या काळात एकाने संमती मागे घेतली तर अर्ज पडतो. म्हणून 'आधी सह्या करू, पैशांचं नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर सह्या करू नका. अटींमध्ये स्त्रीधनाची यादी तोळे-ग्रॅमसकट द्या. पैसे कधी, किती हप्त्यांत आणि कुठल्या खात्यात येणार ते लिहा. मुलाच्या पासपोर्टवर कुणाची सही चालेल, तेही लिहा. हे शेवटचं जवळपास कुणीच लिहीत नाही आणि मग अटी बदलून घ्यायला पुन्हा कोर्टात येतात.

एकाचीच तयारी असेल तर कारण लागतं. क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षं ठावठिकाणा नसणं आणि कलम १३ मधली इतर काही. 'पटत नाही' हे कारण तिथे नाही. लग्न पार मोडलं आहे या आधारावर घटस्फोट देण्याचा विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालय वापरतं, तालुक्याचं कोर्ट नाही. पोटगीचा प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश निकालानंतर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे आधीच गोळा करा. विशेष विवाह कायद्याने नोंदणी झालेल्यांचा, मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचा कायदा वेगळा आहे, त्याची गल्लत करू नका.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००. हे कार्यालय बहुतेक वेळा कोर्टाच्या आवारातच असतं, पण बाहेरच्या टपरीवर बसलेला मध्यस्थ ते तुम्हाला दाखवणार नाही.

निकाल लागल्यावर लगेच दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त काढू नका. भांडून झालेल्या घटस्फोटात अपिलाची नव्वद दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते, आणि अपील झालं तर त्याच्या निकालापर्यंत थांबावं लागतं. समोरचा हजर नसताना एकतर्फी निकाल लागला असेल तर समन्स खरंच बजावलं होतं ना, हे समन्स पोचवणाऱ्या बेलिफच्या अहवालावरून पाहून ठेवा, नाहीतर तो निकाल रद्द करून घ्यायला समोरचा पुढे उभा राहतो. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर हुकूमनाम्याची नक्कल जोडून राजपत्रात प्रसिद्ध करा, मग आधार, पॅन, रेशनकार्ड. आणि एलआयसी, प्रॉव्हिडंट फंड, बँक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळीकडचं नॉमिनेशन त्याच आठवड्यात बदला.