नवरा अमेरिकन सिटिझन, संसार तिसऱ्याच देशात: आता अमेरिकेत राहायला जायचंय तर कामाला कुठून लागायचं

लग्नाला बरीच वर्षं झालीत, नवरा अमेरिकन सिटिझन, तुम्ही भारतीय पासपोर्टवर आणि संसार सिंगापूर नाहीतर दुबईत छान चाललाय, आणि मग एक दिवस ठरतं की आता त्याच्या देशात जाऊन राहायचं. आईवडील थकलेत म्हणून, मुलांच्या शाळेसाठी, कारण काहीही असो. (बायको सिटिझन असेल तर उलट करून वाचा, नियम तेच आहेत.)

बहुतेक जोडपी पहिले लग्नाचे फोटो शोधायला बसतात. फोटो लागतात, पण इतकी वर्षं एकत्र राहिलेल्यांसाठी लग्न खरं आहे हे दाखवणं हा सगळ्यात सोपा भाग, दोघांच्या नावावरचा भाडेकरार, जॉइंट अकाउंट, मुलांचे जन्मदाखले हे सगळं घरात पडलेलंच असतं. केस अडकते ती सिटिझन जोडीदाराच्या कागदांवर. तो खरंच परत राहायला चाललाय का, आणि तिथे तुम्हाला सांभाळण्याइतकं उत्पन्न आहे का, या दोन प्रश्नांवर. म्हणून आधी नवऱ्याला कामाला लावा.

सुरुवात टॅक्सपासून. अमेरिकन सिटिझन जगात कुठेही राहिला तरी त्याला दरवर्षी अमेरिकेत रिटर्न भरावं लागतं, बाहेरचा पगार सूट मिळून शून्यावर आला तरी रिटर्न हे भरायचंच. खूप जणांना हे माहीतच नसतं, आणि परदेशी जोडीदार असलेले जे मॅरीड फायलिंग सेपरेटली, म्हणजे लग्न झालेलं असूनही एकट्याचं वेगळं रिटर्न भरतात त्यांच्यासाठी तर उत्पन्नाची मर्यादा फक्त ५ डॉलर आहे, म्हणजे सुटका जवळपास कुणाचीच नाही. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार नावाचं वेगळं डिक्लरेशन लागतं, आणि त्यात तुमच्यासोबतचं जॉइंट अकाउंटही धरलं जातं. भरलं नसेल तर घाबरून जाऊ नका. मुद्दाम लपवलेलं नसेल तर बाहेर राहणाऱ्यांसाठी स्ट्रीमलाइन्ड म्हणून सोय आहे, मागची ३ वर्षांची रिटर्न्स आणि ६ वर्षांचे एफबार भरले की दंड लागत नाही. ही सोय मुळात बाहेर राहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे सामान बांधायच्या आधीच हे उरकून घ्या.

आता मुख्य प्रोसेस. नवरा यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१३० भरतो (बायकोला तिकडे आणायचंय असा हा अर्ज), सोबत तुमच्या माहितीचा आय-१३०ए. परदेशात बसून ऑनलाइन भरता येतो, फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे म्हणजे एनव्हीसीकडे जाते, तिथे ३२५ आणि १२० अशा दोन फी, मग तुमचा डीएस-२६० म्हणजे व्हिसाचा फॉर्म, त्याचा आय-८६४ म्हणजे सांभाळण्याची हमी, आणि सगळे दाखले अपलोड. मग मेडिकल, मग इंटरव्ह्यू. सगळं मिळून वर्षाच्या वर धरून चाला आणि त्याआधी नोकरी सोडू नका, घर तर अजिबात सोडू नका. कंपनीने अचानक अमेरिकेत बदली केली किंवा मेडिकल इमर्जन्सी असली तर काही वेळा एम्बसीतच आय-१३० घेतात, त्यात बरेच महिने वाचतात, तुमची परिस्थिती तशी असेल तर पहिल्यांदा तिथेच विचारा.

आय-८६४ हा सगळ्यात डोकं खाणारा फॉर्म. यात नवरा सरकारला लिहून देतो की मी हिला सांभाळीन, आणि त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं, कुटुंबातली माणसं मोजून. रक्कम फार मोठी नसते, पण मेख अशी की दुबईतला गलेलठ्ठ पगार इथे धरत नाहीत, कारण तिकडे गेल्यावर तो थांबणार. तीच नोकरी पुढे चालू राहणार असेल, बदली असेल किंवा रिमोट असेल, तर कंपनीचं तसं पत्र घ्या, मग धरतात. नाहीतर बचत दाखवा. सिटिझनच्या जोडीदारासाठी जेवढं उत्पन्न कमी पडतंय त्याच्या तिप्पट मालमत्ता लागते, म्हणजे १०,००० डॉलर कमी पडत असतील तर ३०,००० ची. तुमच्या नावावरची बचतही चालते, घरही चालतं, फक्त वर्षाच्या आत त्याचे पैसे करता आले पाहिजेत.

तेही नसेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे नवऱ्यासोबत तीच हमी देणारा, अमेरिकेत राहणारा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, बहुतेक वेळा सासरे नाहीतर दीर. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी नवऱ्याचा स्वतःचा आय-८६४ आणि टॅक्सचे कागद लागतातच, ते सुटत नाहीत. दुसरं, ही जबाबदारी कायद्याने बांधणारी आहे, तुम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा साधारण १० वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती राहते, आणि घटस्फोट झाला तरी संपत नाही. सही मागताना समोरच्याला हे सगळं स्पष्ट सांगा, "नुसती फॉर्मॅलिटी आहे हो बाबा" असं म्हणून सही घेणं बरोबर नाही.

मग डोमिसाइल, म्हणजे कायमचं राहण्याचं ठिकाण. स्पॉन्सर, म्हणजे नवरा, अमेरिकेत राहणारा हवा, आणि तुमचे हे तर इतकी वर्षं बाहेर. उत्तर असं की तुम्ही तिकडे प्रवेश कराल तोपर्यंत तो तिथे राहायला आलेला असेल एवढं पटवून द्यायचं, तो तुमच्याआधी जाऊ शकतो किंवा तुमच्यासोबत, तुमच्यानंतर नाही. एकच मोठा पुरावा नसतो, छोटे छोटे जोडायचे. शेवटच्या राज्यात मतदार नोंदणी, तिथलं बँक खातं, लायसन्स चालू ठेवलेलं, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि आलेली उत्तरं, सासूबाईंचं पत्र की ही मंडळी आमच्याकडे उतरणार आहेत, शाळेशी झालेले ईमेल, सामान हलवणाऱ्या कंपनीचं कोटेशन. यावर एक पानभर साधं पत्र, का परत जातोय, कधी, कुठे. हे सगळं आय-१३० भरला त्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये टाकत जा, शेवटच्या आठवड्यात गोळा केलं की तसंच दिसतं.

आता तुमचे कागद, आणि इथे मराठी बायकांची एक खास अडचण. जन्मदाखल्यावर एक नाव (किंवा नावाची जागाच रिकामी), शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नात सासरी नाव बदललेलं, आणि पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आडनाव. अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. डीएस-२६० मध्ये वापरलेली इतर नावं विचारतात, तिथे एकूण एक लिहा, लग्नाचा दाखला आणि असेल तर गॅझेटची प्रत जोडा. दाखल्यात नाव घालून घ्यायचं काम नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होतं, पण भारतात कुणीतरी चकरा मारणारं लागतं, म्हणून लवकर सांगून ठेवा. जन्माची नोंदच सापडत नसेल तर नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि सोबत शाळेचा दाखला, आईवडिलांचं अ‍ॅफिडेव्हिट. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, करणाऱ्याने भाषांतर बरोबर आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं सहीनिशी लिहून द्यायचं.

पोलिस सर्टिफिकेट वयाच्या १६ नंतर ज्या ज्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात तिथलं हवं, आणि भारतात किंवा सध्याच्या देशात ६ महिन्यांच्या वर राहिला असाल तर तिथलंही. जुन्या देशातून निघून गेल्यावर हे मागवणं जिवावर येतं, तिथे आहात तोवरच चौकशी करा.

मुलं असतील तर प्रत्येकाचं वेगळं बघा. तुमच्या अर्जात मुलं आपोआप येत नाहीत. नवरा आधी पुरेशी वर्षं अमेरिकेत राहिलेला असेल, साधारणपणे ५ वर्षं आणि त्यातली २ वयाच्या १४ नंतरची, तर परदेशात जन्मलेलं मूल जन्मतःच सिटिझन असतं, एम्बसीतून सीआरबीए, म्हणजे परदेशातल्या जन्माची अमेरिकन नोंद, करून पासपोर्ट घ्या, १८ च्या आत. तुमचं आधीच्या लग्नाचं मूल असेल तर त्याचा वेगळा आय-१३० लागतो.

आणि कळकळीने सांगते, टूरिस्ट व्हिसावर जाऊन "तिथेच बघू पुढचं" असं करू नका. राहायच्या इराद्याने जाऊन फिरायला आलोय असं सांगितलं तर ते खोटं ठरतं, आणि त्याने कायमची बंदीही येऊ शकते.

व्हिसा मेडिकलच्या मुदतीवर असतो, बहुतेक ६ महिने, तेवढ्यात प्रवेश करायचा. निघण्याआधी यूएससीआयएसची २३५ डॉलर फी ऑनलाइन भरा, मग ग्रीन कार्ड पोस्टाने येतं, म्हणून पत्ता भरवशाच्या माणसाचा द्या. कार्ड येईपर्यंत पासपोर्टमधला शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्ड म्हणूनच चालतो. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला २ वर्षं झालेली असली की सरळ १० वर्षांचं कार्ड मिळतं, नव्या लग्नात मिळतं तसं अटींचं २ वर्षांचं नाही, त्यामुळे अटी काढायचा वेगळा फॉर्मही नाही.

पोचल्यावर हेल्थ इन्शुरन्स पहिलं, मार्केटप्लेसमधून, म्हणजे इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी सोयीतून, घेण्यासाठी तुम्हाला ६० दिवस असतात. नवऱ्याचं जुनं क्रेडिट कार्ड चालू असेल तर ते बंद करू नका, इतकी वर्षं बाहेर राहून त्याचाही क्रेडिट रेकॉर्ड पुसट झालेला असतो. तिथला असूनही त्याला बऱ्याच गोष्टी नव्याने शिकायच्या असतात, त्याला सगळं माहीत असेल असं धरू नका आणि त्यावरून भांडू नका. आणि सासरहून स्वतःच्या घरी गेलात की १० दिवसांत यूएससीआयएसला एआर-११ या फॉर्मवरून नवा पत्ता कळवा.