रोटरीच्या आतून सिरॅमिक कोटिंग करायचं का? करायचंच तर असं करा

रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) उघडलेलंच आहे तर रोटरला उष्णता अडवणारं सिरॅमिक मारून घेऊ, असं डोक्यात असेल तर आधी हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो ते कवच) आतल्या क्रोमवरून नख फिरवा, कडेला आणि प्लगच्या भोकांजवळ खास करून. नख अडकलं किंवा क्रोमचे पोपडे गेलेले दिसले तर पैसे आधी हाउसिंगवर घाला, कोटिंगचं नंतर बघू.

कोटिंग चालतं ते फक्त रोटरच्या तीन तोंडांवर आणि त्यातल्या खोलगट भागात. हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर हे हीट बॅरियर कोटिंग अजिबात नको, तिथे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरची पट्टी) सतत घासत असतं. लोक १९९१ च्या ले मांसच्या २४ तासांच्या शर्यतीचं उदाहरण देतात, पण ती जिंकणाऱ्या माझदाच्या ७८७बी या रोटरी गाडीमध्ये सीलच सिरॅमिकचं होतं, ती गोष्टच वेगळी.

फायदा खरा आहे. रोटर आतून तेलाने थंड होतो, त्यामुळे तोंडावर उष्णता अडली की तेलावरचा भार कमी होतो. पण ती उष्णता जाते कुठे, तर बरीचशी एक्झॉस्टमध्ये, आणि शिवाय कोटिंगचा पृष्ठभाग स्वतः जास्त तापलेला राहतो म्हणून ठिणगीचं टायमिंग आणि फ्युएल जपूनच सेट करावं लागतं. नॉकिंग (इंधन अवेळी भडकून ठोके बसणं) झालं तर कोटिंग उडतं, आणि पिस्टनच्या इंजिनपेक्षा इथे जास्त भीती वाटते कारण तो कडक पोपडा सील आणि क्रोमच्या मध्ये सापडला की ओरखडा ठरलेला.

टिकणं न टिकणं जवळपास सगळं तयारीवर आहे. रोटर बीडाचा, बीड तेल पिऊन बसतं, म्हणून नुसतं धुऊन भागत नाही, भट्टीत तापवून तेल बाहेर काढायला लावा आणि मगच ब्लास्टिंग (रेतीचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करणं). त्याआधी बेअरिंग काढलेलं हवं, एपेक्स आणि साइड (बाजूच्या) सीलच्या खाचा, कॉर्नर (कोपऱ्यातल्या) सीलची भोकं, सगळ्याला मास्किंग हवं, म्हणजे ते झाकून घेतलेलं हवं. रोटर आतून पोकळ असतो हे विसरू नका!! ब्लास्टिंगची रेती आतल्या फासळ्यांमध्ये अडकून राहते आणि इंजिन सुरू झाल्यावर तेलाबरोबर थेट बेअरिंगमध्ये येते. परत आल्यावर रोटर उलटासुलटा करून हलवा, आतून हवा मारा, कण पडायचे पूर्ण थांबेपर्यंत. मग प्रत्येक खाचेत सील घालून बघा, हाताने अलगद सरकलं पाहिजे, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजा, आणि दोन्ही रोटर वजन करून बॅलन्सिंग परत तपासून घ्या.

जाड प्लाझ्मा स्प्रेपेक्षा (वितळवलेल्या सिरॅमिक पावडरची फवारणी) पातळ थर घ्या, माझं मत, तापून आकसताना तो कमी तडकतो.

रोजच्या वापराची गाडी असेल तर मी आतून करणार नाही. मोठा ऑइल कूलर, नीट ट्यूनिंग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बाहेरून कोटिंग, याने बॉनेटखालचं तापमान उतरतं आणि पोपडा निघाला तरी इंजिनात जात नाही. ट्रॅकवर बराच वेळ फुल लोडवर चालवणार असाल तर मात्र रोटरचा खर्च पटतो, फक्त पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्लग काढून भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला आणि तिन्ही तोंडं बघा. काळी काजळी दिसली तर काही नाही, ती असतेच, पण मध्येच उघडं लोखंड चमकलं तर गाडी तिथेच थांबवा.