ओसीडी शोधलं आणि गुडघा सापडला

एम.ए.च्या पहिल्या वर्षी सेमिनारला मी ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर हा मानसिक आजार, विषय म्हणून घेतला होता. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस उघडला, ती तीन अक्षरं टाकली आणि एंटर मारलं. मानसोपचाराचे लेख आले, पण मध्येच गुडघ्याचे एमआरआय आणि घोट्याच्या शस्त्रक्रियाही डोकावत होत्या. सतत हात धुण्याचा आणि गुडघ्याचा काहीतरी संबंध असणार, अशी मी मनाची समजूतही घालून घेतली होती. मग कळलं, की ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स नावाचा सांध्याचा आजार आहे आणि त्याचंही लघुरूप ओसीडीच. पुढे बीपीडीने तसाच दगा दिला. मला हवी होती बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, समोर आली अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं.

लघुरूप एकटं टाकायचं नाही, पूर्ण नाव लिहायचं, एवढं त्यातून शिकले. पण पूर्ण नाव तरी कोणतं? मानसिक आजारांच्या बाबतीत खरा घोळ इथेच आहे, कारण ही नावं बदलत आली आहेत. १९८० साली डीएसएमची, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेची, तिसरी आवृत्ती आली आणि मॅनिक-डिप्रेसिव्हचं बायपोलर झालं. १९९४च्या चौथ्या आवृत्तीत मल्टिपल पर्सनॅलिटीची डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर झाली. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत ॲस्पर्गर हे वेगळं निदान उरलंच नाही, ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये गेलं. लेख मात्र लिहिले त्या वेळच्या नावानेच राहतात. तुम्ही फक्त आजचं नाव टाकलंत, तर जुना सगळा साठा हातचा जातो आणि गेला हे कळतही नाही. स्क्रीन भरलेली असते ना!

माझ्या प्रबंधाचा विषय होता लोकांसमोर बोलण्याची भीती. तीन दिवस मी गुगलला विचारावं तसं अख्खं वाक्य सायकइन्फोत टाकत होते. लायब्ररीतल्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू तुझ्या भाषेत विचारतेयस. त्याच्याकडे याला काय म्हणतात ते आधी बघ." मग त्यांनी थिसॉरसची लिंक उघडून दिली. सायकइन्फो हा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा डेटाबेस आहे, आणि त्यातल्या लेखांना ठरावीक विषयनावांची लेबलं लावलेली असतात. थिसॉरसमध्ये एखादं नाव टाकलं, की त्याच्या वरचा व्यापक विषय, खालचे बारीक विषय आणि शेजारचे विषय दिसतात. पबमेडमध्ये हेच काम मेश ही विषयनावांची यादी करते. तिथे माझ्या विषयाचं नाव निघालं 'फोबिया, सोशल', आडनाव आधी लिहावं तसं! डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत सोशल फोबिया हे मुख्य नाव होतं आणि सोशल अँग्झायटी डिसऑर्डर कंसात. पाचवीत दोघांनी जागा बदलल्या. मला दोन्ही लागणार होती.

डिप्रेशनवाल्यांनी इथे जास्त जपून राहावं. मेशमध्ये 'डिप्रेशन' हे लक्षणाचं, उदास मनःस्थितीचं लेबल आहे आणि आजाराचं लेबल 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर' हे वेगळं. परीक्षेच्या काळातली उदासी आणि निदान झालेला आजार यांची सरमिसळ अर्ध्या प्रबंधांत दिसते, तिची सुरुवात बहुधा सर्चच्या चौकटीतच होते.

नावं सापडली की जुळणी सोपी. एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं 'ऑर'ने जोडायची, त्यांना कंस घालायचा आणि असे कंस एकमेकांना 'अँड'ने बांधायचे. सगळं अर्थात इंग्रजीतच टाइप करायचं. माझा पहिला कंस होता सोशल अँग्झायटी ऑर सोशल फोबिया, दुसरा कॉलेज स्टुडंट्स ऑर युनिव्हर्सिटी स्टुडंट्स, तिसऱ्यात कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती. त्यातल्या बिहेवियरचं अमेरिकन आणि ब्रिटिश अशी दोन्ही स्पेलिंगं ऑर लावून दिली. दोन-तीन शब्दांचं नाव अवतरणचिन्हांत घातलं, की ते शब्द सलग शोधले जातात. मात्र पबमेड एरवी तुमचा शब्द ओळखून मेशचं नाव आपणहून जोडून घेतं, ते अवतरणचिन्हं लावल्यावर थांबतं. म्हणून मेशचं नाव वेगळं घाला आणि साधे शब्दही ठेवा, कारण पबमेडमधल्या प्रत्येक लेखाला मेशचं लेबल नसतं. आपल्या शोधाचा त्याने काय अर्थ लावला, ते ॲडव्हान्स्ड पानावर सर्च डिटेल्समध्ये दिसतं. गुडघ्याच्या वेळी मला ते पान माहीत असतं तर!

'नॉट' मी जवळजवळ वापरत नाही. मुलांवरचे लेख नकोत म्हणून 'नॉट चिल्ड्रन' टाकलं, तर मुलं आणि मोठी माणसं दोघांचा अभ्यास असलेले लेखही जातात. त्यापेक्षा वयोगटाचा फिल्टर बरा. सायकइन्फोत अभ्यासपद्धतीचाही फिल्टर आहे, त्यात सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि मेटा ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष) निवडून सुरुवात करा. एक चांगला, अलीकडचा रिव्ह्यू हाती लागला, की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येतं आणि त्याचा दाखला कोणी दिला ते बघत पुढे.

पीअर रिव्ह्यूड, म्हणजे छापण्याआधी त्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं, या खुणेवर फार विसंबू नका. ती जर्नलची खूण असते. त्याच जर्नलमधलं संपादकीय किंवा पुस्तक परीक्षणही ती लावून येतं. पबमेडमध्ये तर तशी खूणच नाही. लेखाचा दाखला खूप जणांनी दिलाय म्हणून तो भरवशाचा, हेही खरं नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८चा 'लॅन्सेट'मधला लेख अवघ्या १२ मुलांवरचा होता. तो २०१०मध्ये मागे घेतला गेला, पण दाखले अजून दिले जातात. पबमेडमध्ये अशा लेखाच्या नोंदीवर मागे घेतल्याची सूचना ठळक दिसते. ती वाचायची सवय लावून घ्या.

पूर्ण लेख उघडायला प्रकाशक पैसे मागतो, तेव्हा कार्ड काढू नका. आधी लायब्ररीच्या लॉगिनमधून या, मग पबमेड सेंट्रलवर बघा, तिथले लेख फुकट वाचता येतात. तिथेही नसेल तर लायब्ररीतून आंतरग्रंथालयीन मागणी करा. लेखकाला दोन ओळींची मेल केली तरी पुष्कळदा पीडीएफ येते. मला एकदा तासाभरात आली होती, वर "अजून कोणी हे वाचतंय याचा आनंद झाला" असा शेराही.

(लक्षणं वाचता वाचता ती सगळी आपल्यातच आहेत असं वाटू लागेल. वर्गातल्या प्रत्येकाला वाटलं होतं.)

आणि एक वही करा. तारीख, डेटाबेस, टाकलेली ओळ जशीच्या तशी, लावलेले फिल्टर आणि किती लेख आले तो आकडा. मी केली नव्हती. गाइडनी पहिल्याच भेटीत प्रकरण चाळलं आणि विचारलं, "शोधलंस कसं ते कुठे लिहिलंय?" दोन महिन्यांचा शोध मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. या वेळी सोशल फोबिया आठवणीने घातलं, आणि पहिल्या खेपेला निसटलेले, माझ्या जन्माआधीचे कितीतरी लेख वर आले.