दसऱ्यानंतरची परसबाग: एक वाफा लेकराच्या नावाचा

दसरा उलटला की पावसाची उघडीप होते, सोयाबीन निघालेलं असतं आणि पहाटे गारवा जाणवू लागतो. घरापुरतं माळवं लावायला हाच काळ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, लसूण, वाटाणा लावला, तर डिसेंबर-जानेवारीत शेतात साजरी होणाऱ्या वेळ अमावस्येच्या भज्जीला, म्हणजे पालेभाज्या आणि दाणे एकत्र शिजवून केलेल्या भाजीला, घरचा पाला हाताशी येतो.

घरात चार-सहा वर्षांचं लेकरू असेल तर एक वाफा त्याच्या नावाचा ठेवा. रुंदी दोन फुटांच्या वर नको. कडेला बसून त्याचा हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात उतरतं आणि काळी माती तुडवून घट्ट होते.

आपल्या काळ्या मातीत घाई चालत नाही. वाफसा, म्हणजे खुरपं चालवण्याजोगी बेताची ओल, आला का, हे लेकरालाच बघू द्या. मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायचा. फुटून भुगा झाला तर खुरपं चालवा. तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर दोन दिवस थांबा. शेणखत चांगलं कुजलेलंच घाला. कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि ते लेकराच्या हातात देण्यासारखंही नसतं.

बी निवडताना लेकराचा धीर किती, हे बघा. मेथी आणि मुळा तीन ते पाच दिवसांत वर येतात, म्हणून सुरुवात त्यांनीच करा. मेथीचे दाणे स्वयंपाकघरातल्या डब्यातले चालतात. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस, थंडी वाढली तर जास्तच लागतात. धने लाटण्याने रगडून दोन फाका करून पेरा. लसणाची पाकळी टोक वर ठेवून खोचायची, हे लहान बोटांना छान जमतं. वाटाणा रात्रभर भिजवून इंचभर खोल लावा आणि आधाराला तुराट्या रोवा. बारीक बी एकाच जागी पडतं, म्हणून त्यात कोरडी वाळू मिसळून द्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते लेकराच्या हातात द्यायचंच नाही. ते तोंडात घालायला त्याला एक क्षण पुरतो. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, कॅन कितीही धुतले तरी पाणी द्यायला किंवा रोप लावायला वापरू नका. वाफ्याजवळचं गाजरगवत मोठ्यांनीच उपटावं, त्याने अंगाला खाज सुटते. दगड, पाचोळ्याचा ढीग विंचवाची जागा असते. तो आधी स्वतः हलवा. पाण्याची टाकी, हौद झाकलेला हवा. काम झालं की साबणाने हात धुवायचे.

पाणी घालायची हौस लेकराला फार. झाकणाला बारीक भोकं पाडलेली बाटली त्याला द्या आणि सकाळची वेळ ठरवून टाका. पाणी जास्त झालं की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. टंचाईच्या गावात तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी राखून ठेवलं तरी एवढा वाफा निघतो.

मेथी दाट उगवली तर विरळणी करा. उपटलेली रोपं वरणात घाला. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला की लगेच फवारू नका. त्यात ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या असतील तर त्या मावा खातात, लेकराला जवळ बसवून दाखवा. मावा वाढलाच तर लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. फवारणी मोठ्यांनीच करायची.

मेथी महिनाभरात, मुळा दीड महिन्यात काढणीला येतो. मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत राहा, म्हणजे वाफा रिकामा पडत नाही. मुळे काढताना दोन तसेच उभे ठेवा. त्यांना फुलं येतील, मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतील. कोवळ्या असताना भाजीला तोडा, आणि चार-दोन झाडावरच वाळू द्या; पुढच्या दसऱ्याला बी घरचं होईल.